आप्पा दुधनीला, मी मोहोळला

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या चिपळुणात लोक आधी विचारतात, चादर आणली का? आणली. दोन आणल्या. मग विचारतात, काय काय पाहिलं? तेव्हा मी स्टेशनाबद्दल सांगायला लागते आणि ऐकणारी माणसं जरा गोंधळतात. किल्ला पाहिला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ पाहिलं, तिथला वारा आवडला, हे सगळं खरं. पण सोलापूर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो तिथला फलाट, संध्याकाळचे पाच वाजलेले आणि चारी बाजूंनी घरी निघालेली माणसं.

मी सासऱ्यांना घेऊन गेले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय एकोणऐंशी. तेहेतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते, चिपळूण डेपोला. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली, मुलगी ऋता पुण्यात नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. साडेनऊला घर सोडते ते साडेपाचला परत. गेल्या श्रावणात आप्पा मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर घसरले. दुपारी दोनच्या सुमाराला पडले आणि मी येईपर्यंत तिथेच बसून होते, भिजत. हाड मोडलं नव्हतं. ‘पाऊस बघत होतो,’ एवढंच म्हणाले.

सुनंदा, माझी नणंद, सोलापूरला दिली आहे. तिला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, वहिनी, आप्पांना माझ्याकडे आणून सोडा. इथं दिवसभर माणसं असतात. त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं आणि आप्पांना सांगितलं, चार दिवस लेकीकडे जाऊन येऊ.

रविवार, कुंभार्लीच्या पलीकडे

रेल्वेने पुण्यावरून जाऊ असं मी म्हणत होते. आप्पांनी ऐकलं नाही. एसटी असताना दुसऱ्या गाडीत बसणं त्यांना अजूनही बेइमानी वाटते. कुंभार्ली घाट चढताना ते माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते, पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. कऱ्हाड मागे पडलं आणि डोंगर संपले. पुढे जमीन अशी पसरलेली की कुठे नजर ठेवावी ते कळेना. ऊस, मग ज्वारी, मग नुसती काळी माती, आणि रस्त्याच्या कडेने उसाच्या मोळ्या भरलेल्या ट्रॉल्या.

“इथं गाडी चालवायला काही लागत नाही,” आप्पा म्हणाले. “फक्त झोप लागू द्यायची नाही.”

सोमवार, सुनंदाचं घर

सुनंदाला सोलापुरात बावीस वर्षं झाली. चिपळूणची मुलगी आता “बसा की वहिनी, घ्या की” असं बोलते आणि आपण वेगळं बोलतो हे तिच्या गावीही नाही. तिच्या शेजारी तेलुगू बोलणारं विणकरांचं कुटुंब आहे, त्यांच्या सुना सकाळीच दारात लांबरुंद रांगोळ्या घालतात. माणसं खरोखरच दिवसभर येत-जात असतात.

जेवायला कडक भाकरी होती. आमच्याकडे तांदळाची भाकरी तव्यावरून पानात आणि पानातून पोटात. दुपारची संध्याकाळी कोणी विचारत नाही. इथे बाजरीच्या पातळ भाकऱ्या वाळवून चळतीने डब्यात उभ्या केलेल्या. म्हणे महिनाभर राहतात. मोडली की पापडासारखी वाजते. आप्पांची कवळी त्यापुढे टिकली नसती, म्हणून सुनंदाने ती चुरून त्यावर शेंगदाण्याची आमटी ओतली. शेंगाचटणी आणि दही वेगळं. आप्पा मुकाट्याने जेवले आणि पुन्हा ताट पुढे केलं. घरी ते दुसऱ्यांदा घेत नाहीत. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

दुपारी सुनंदाने मला आप्पांची खोली दाखवली. तळमजल्यावर, उंबरा नाही, न्हाणीघरात भिंतीला धरायला नवा कठडा.

“सांगितलंत का त्यांना?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग मी सांगू?”

“नको. मीच सांगते. उद्या.”

संध्याकाळी आप्पांनीच एक विषय काढला. त्यांचा जुना कंडक्टर कल्लाप्पा दुधनीचा. दुधनी म्हणजे सोलापूरहून रेल्वेने सव्वा तास, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तरुणपणी कल्लाप्पाची नेमणूक चिपळूण डेपोला झाली तेव्हा त्याला समुद्र माहीत नव्हता आणि मराठी अर्धं कानडी होतं. अकरा वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली. मग कल्लाप्पा बदली घेऊन गावी गेला आणि भेट झाली नाही, त्याला तीसेक वर्षं झाली. सुनंदाच्या यजमानांनी नंबर मिळवून फोन लावला. पलीकडून कल्लाप्पांचा मुलगा म्हणाला, बाबा उद्यापासून दारात खुर्ची टाकून बसतील, या की.

ठरलं असं: मंगळवारी सकाळी आप्पांचा गुडघा डॉक्टरांना दाखवायचा, संध्याकाळच्या पॅसेंजरने दोघांनी दुधनीला जायचं, रात्री मुक्काम, बुधवारी परत. मी मनात म्हटलं, गाडीत सांगू. सव्वा तास मिळेल.

मंगळवार, संध्याकाळचं स्टेशन

सोलापूरला दिवसभर कामाला येणाऱ्यांचं एक वेगळं गाव आहे आणि ते रोज दोनदा स्टेशनावर भरतं. तिथे याला अप-डाऊन करणं म्हणतात. ‘मी अप-डाऊन करते’ हे आपण ‘मी नोकरी करते’ म्हणतो तितक्या सहज सांगतात. कोणी कुर्डुवाडी, माढा, मोहोळच्या बाजूचे, कोणी होटगी, अक्कलकोट रोड, दुधनीच्या बाजूचे. पाच वाजले की ही सगळी माणसं फलाटांवर उतरतात: दवाखान्यातल्या नर्सबाया, कापडदुकानातल्या मुली, शाळेतले शिपाई, कॉलेजची पोरंपोरी, बाजार करून निघालेले शेतकरी. डब्याच्या पिशव्या, भाजीच्या पिशव्या, एकाच्या खांद्यावर नवी कुऱ्हाड, तिला दांडा नव्हता. माझ्या डाव्या कानाशी कानडी चाललं होतं, उजव्या कानाशी तेलुगू, आणि मागून एक बाई सगळ्यांना ढकलत म्हणत होती, “आगे सरको ना बा, कित्ती जागा पडी है उधर.”

आप्पांना हे सगळं फार आवडलं. त्यांनी कानातलं मशीन काढून माझ्याकडे दिलं, गर्दीत ते शिट्ट्या मारतं म्हणून. मोबाइल आधीच माझ्या पर्समध्ये होता. मग ते फलाटाच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि डेपोत एसटी लागताना माणसं कशी हलतात ते पाहत असावेत तसे पाहत राहिले.

इतक्यात घोषणा झाली. दुधनीकडे जाणारी गाडी इथे न येता पलीकडच्या फलाटावर येणार. तीच घोषणा तीन भाषांत होईपर्यंत कोणी थांबलं नाही. सगळी गर्दी पुलाकडे वळली. आप्पांना ऐकू आलं नव्हतं, पण गर्दी वळली तसे तेही वळले. मी दोन पिशव्या उचलून मागे. पुलावर त्यांची पांढरी टोपी आणि तपकिरी स्वेटर मला दिसत होता. खाली उतरलो तर फलाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. टोपी आणि स्वेटर डावीकडच्या गाडीत चढला. मी त्याच डब्याच्या दुसऱ्या दारातून चढले. कोणीतरी माझी पिशवी आत ओढून घेतली, कोणीतरी मला. गाडी हलली.

गर्दीतून वाट काढत मी त्या टोपीपर्यंत पोचले आणि म्हटलं, “आप्पा, बसायला मिळतंय का बघू.” टोपी वळली. मिशा होत्या. आप्पांना मिशा नाहीत.

आमच्याकडे आता पांढरी टोपी घालणारी चार म्हातारी माणसं उरली आहेत. इथे दर तिसऱ्या डोक्यावर टोपी आहे, आणि थंडीमुळे दर दुसऱ्या अंगावर तपकिरी स्वेटर. हे मला कळलं तेव्हा खिडकीतून पलीकडची गाडी दिसत होती, उभी. आमचीच पुढे निघाली होती.

बायकांच्या घोळक्यात एक जण मांडीवर मेथीची जुडी घेऊन निवडत बसली होती. पन्नाशीची, नर्सचा पांढरा कोट घडी करून पिशवीवर ठेवलेला. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, “कुटं चाललाव?”

“दुधनीला.”

मेथीवरचा तिचा हात थांबला. “आवं, ही दुधनीची न्हाय की. ही कुर्डुवाडीची हाय.”

मी खाली बसले. बाकावर नाही, तिथेच पिशव्यांवर. सासरे त्या गाडीत आहेत, ऐकू येत नाही, मशीन माझ्याकडे, फोन माझ्याकडे, वय एकोणऐंशी, असं मी सगळं एका श्वासात सांगितलं. ते त्या गाडीत चढलेत हे तरी नक्की का, असं एकीने विचारलं आणि मला तेही नक्की सांगता येईना. ते पुलावरच असतील. ते मला शोधत उलटे फिरले असतील. माझ्या डोळ्यांपुढे त्या मागच्या पायऱ्या आल्या.

मेथीवाल्या बाईंचं नाव मंगल. मोहोळच्या. सोलापूरच्या एका दवाखान्यात अठरा वर्षं नोकरी, अठरा वर्षं अप-डाऊन. त्यांनी जुडी बाजूला ठेवली, कोटाच्या खिशातून फोन काढला.

“आमच्या दवाखान्यात भारती हाय, दुधनीची. त्याच गाडीत असती ती. थांबा तुमी.” मग फोनमध्ये, “भारती, कुटल्या डब्यात हायस? मागच्या? ऐक. एक आजोबा हायत. टोपी, तपकिरी स्वेटर… आगं मला ठावं हाय सगळेच तसे असत्यात. मिशा न्हायत. उंच हायत. ऐकू येत न्हाय. नाव काय हो आजोबांचं?”

“आप्पा म्हणतात. चिपळूणचे.”

“चिपळूणचे हायत. जा, बघ.”

फोन बंद झाला. पुढची वीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. बाळे गेलं, पाकणी गेलं. एक मुलगी माझ्यासाठी उठली आणि मला बसवलं. दुसरीने पाणी दिलं. कोणी “काही होत नाही” असं म्हणालं नाही, याचं मला अजूनही बरं वाटतं. मंगलताई पुन्हा मेथी निवडायला लागल्या. खुडलेली पानं पदरात, देठ खिडकीबाहेर. म्हणाल्या, “डब्यातनं डब्यात जायाला वाट न्हाय त्या गाडीला. टेसन आलं की ती उतरंल, फुडल्या डब्यात चढंल. होटगीला येक डबा, तिलाटीला येक. येळ लागंल.”

म्हणजे ती कोण कुठली भारती, दिवसभर दवाखान्यात उभं राहून दमलेली, माझ्या सासऱ्यांसाठी प्रत्येक स्टेशनावर उतरून पुढच्या डब्यात चढत होती.

मुंढेवाडीच्या पुढे फोन वाजला. मंगलताईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून धापा टाकत आवाज आला, “गावले हो अक्का. खिडकीला बसल्यात. शेंगा खायालेत.”

घोळक्यातल्या सगळ्या बायका हसल्या. मी हसले की रडले ते आठवत नाही.

“घाबरलेत का?” मी विचारलं.

“काय न्हाई हो. त्यांना वाटलं तुम्ही लेडीज डब्यात हाय. मी कागदावर लिहून दाखवलं तुम्ही मोहोळच्या गाडीत म्हणून, तर हसायलेत. थांबा, देते त्यांच्याकडं.”

“त्यांना ऐकू येणार नाही,” मी म्हणेपर्यंत आप्पांचा आवाज आला. ऐकू येत नाही म्हणून ते ओरडून बोलतात. आमचा सगळा डबा ऐकत होता, त्यांचाही ऐकत असणार.

“अनघा, मला तुझं काही ऐकू येत नाही, तेव्हा मीच बोलतो. मी ठीक आहे. ही मुलगी दुधनीचीच आहे. कल्लाप्पाचं घर तिला माहीत आहे, ती सोडते मला. तू धावाधाव करू नकोस. सुनंदाकडे जा. उद्या सकाळी ये.”

मग ते थांबले. मला वाटलं झालं.

“आणि दुसरं. चार दिवसांसाठी तीन महिन्यांच्या गोळ्या कोणी भरत नाही. मला कळलंय कशाला आणलंय ते. मी रागावलेलो नाही. सुनंदा माझीच मुलगी आहे, तिच्याकडे राहायला मला काय होतंय? पण तू निघाल्यापासून माझ्याकडे बघत नाहीस. वाढताना ताटाकडे बघतेस. ते मला जड जातंय. तू बघत जा, म्हणजे झालं.”

मला उत्तर द्यायचं होतं आणि ते त्यांना ऐकू येणार नव्हतं. कदाचित त्यामुळेच ते तोंडातून निघालं. मी म्हटलं, “आप्पा, तुम्हाला इथं सोडलं तर त्या घरात मी एकटी कशी राहू?”

हे मी सुनंदालाही सांगितलं नव्हतं. ऋतालाही नाही. खरं म्हणजे ते तोपर्यंत मलाही असं शब्दांत माहीत नव्हतं. सगळे म्हणत होते आप्पा दिवसभर एकटे असतात. मी संध्याकाळी दार ढकलते तेव्हा आत कोणीतरी खोकतं, याच्यावर माझी चार वर्षं उभी होती, हे कोणी म्हणत नव्हतं.

फोनची रेंज गेली.

मंगलताईंनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “ते त्यांना ऐकू गेलं न्हाय. उद्या परत सांगा.”

मोहोळला आम्ही उतरलो. हातात दुधनीचं तिकीट घेऊन मी मोहोळच्या फलाटावर उभी होते. मंगलताईंनी मला घरी नेऊन चहा पाजला, मग एसटी स्टँडवर येऊन सोलापूरच्या गाडीत बसवलं आणि खिडकीतून निवडलेली मेथी आत दिली. नको म्हटलं तर म्हणाल्या, “नणंदेला द्या. निवडायचं काम वाचंल.”

बुधवार, दुधनी

सकाळी नऊला मी पुन्हा स्टेशनावर. संध्याकाळी जे गाव इथून निघून जातं ते सकाळी परत येतं, तेव्हा त्याला घाई जास्त असते आणि बोलणं कमी. कुर्डुवाडीकडची गाडी आली. ती थांबण्याआधीच माणसं उतरली. दुधाच्या किटल्यांचा आवाज, वेण्या घालत चालणाऱ्या मुली. त्यात मंगलताई. मला शोधत नव्हत्या, पण दिसले तशा आल्या. “निघालाव न्हवं? येवस्थित बघून चढा आज,” एवढं म्हणून पुलाकडे चालू लागल्या. मग चार पावलं मागे येऊन म्हणाल्या, “सांगा बरं का.”

दुधनीकडची गाडी थोड्या वेळाने आली. एक सडपातळ, चष्म्यातली मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. “तुम्ही आजोबांच्या सूनबाई ना? आजोबांनी सांगितलं, हिरवी पर्स असंल.” ती भारती. मी तिचे हात धरले. ती म्हणाली, “त्यात काय हो. माझे आजोबा पण असेच आहेत, टोपीवाले. होटगीला दोनदा चुकीच्या आजोबांना हाक मारली मी.” आणि कामाला उशीर होतो म्हणून पळाली.

ती गाडी तशीच परत दुधनीकडे जायची होती, अर्धी रिकामी. मी चढण्याआधी तीन जणांना विचारलं. होटगी, तिलाटी, अक्कलकोट रोड. बाहेर तूर काढणीला आलेली. बोरोटीनंतर डब्यातलं मराठी हळूहळू कमी झालं. मला कोणीतरी कानडीत जागा देऊ केली, मी मराठीत आभार मानले, दोघींचंही भागलं.

कल्लाप्पांचं घर बाजारपेठेतच. अंगणात तुरीचं वाळवण, आणि त्याच्या कडेला दोन खुर्च्यांवर दोन म्हातारे. कल्लाप्पा बुटके, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला बघून ते उठायला लागले, “बर्री, बर्री. या, सूनबाई, या.” आवाज पूर्ण बसलेला. त्यांच्या सुनेने आतून सांगितलं, “काल रात्रीपासून आप्पांच्या कानात ओरडून बोलायले. आता आमच्याशी बोलायला आवाज राहिला नाही.”

मी आप्पांकडे पाहिलं. नीट पाहिलं. दाढी केलेली, अंगावर कल्लाप्पांची शाल. मशीन पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते कानात बसवलं, डोकं एकदा हलवलं आणि पहिलंच विचारलं, “काल फोनवर तू काहीतरी बोललीस. त्या मुलीने लिहून दाखवलं, शब्द कळले नाहीत, पण आवाज रडवेला होता. काय म्हणालीस?”

कल्लाप्पा समोर बसले होते, सून दारात होती. मी म्हटलं, “तुम्हाला इथं सोडलं तर त्या घरात मी एकटी कशी राहू, असं म्हणाले.”

आप्पांनी तुरीकडे पाहिलं. चार दाणे उचलले, तळहातावर फिरवले.

“मला वाटलं तुला सुटका हवी आहे,” ते म्हणाले. “तरुण आहेस अजून. किती दिवस म्हाताऱ्याचं करशील.”

“चोपन्न पूर्ण झाली मला, आप्पा.”

“तेच म्हणतोय.”

सुनेने कडक भाकरी, दही, चटणी आणि गुळाचा खडा आणून ठेवला. मी घाबरले होते की आता ते म्हणतील, चल घरी. कारण ते म्हणाले असते तर मी लगेच उठले असते, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तसंच झालं असतं. ते आप्पांनाही दिसत असावं. दोघंही बोलेनात तेव्हा कल्लाप्पा त्यांच्या बसलेल्या आवाजात म्हणाले, “ड्युटी लावा की, ड्रायव्हरसाहेब. पावसाळी चार महिने सोलापूर डेपो. तितं पाऊस न्हाई, घसरायचं काम न्हाई. बाकीचे आठ महिने चिपळूण.”

“आणि आता?” मी विचारलं.

आप्पांनी थोडा विचार केला. “आता आलोच आहे, तर शिमग्यापर्यंत राहतो. ह्याच्याशी अजून अर्धंसुद्धा बोलून झालेलं नाही. शिमग्याला तू न्यायला ये. आणि मी इथं असेन तेव्हा तू शनिवार-रविवार पुण्याला ऋताकडे जायचंस. घरात बसून राहायचं नाही.”

“आणि मागच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेते.”

“तो मी आल्यावर. तुला गवंडी फसवेल.”

मग त्यांनी भाकरीचा तुकडा दह्यात बुडवला, मऊ होईपर्यंत थांबले आणि खाल्ला.

दुपारच्या गाडीने आम्ही परतलो. वाटेत मी त्यांच्याशी खूप बोलले. कशाबद्दल ते महत्त्वाचं नाही. सुनंदाला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला, तिने कायमची खोली सजवली होती. पण रात्री जेवताना ती स्वतःच बोटांवर महिने मोजू लागली आणि म्हणाली, “चार आणि आताचे दोन. सहा झाले की.”

शुक्रवार, परत

मी पुण्याला ऋताकडे दोन दिवस थांबून घरी जाणार होते, म्हणून सकाळची पुण्याची गाडी. आप्पा सोडायला स्टेशनावर आले, मशीन कानात घालून. मी सांगत होते, गर्दीची वेळ आहे, येऊ नका. ते म्हणाले, गर्दीचीच वेळ बघायची आहे.

माझी गाडी लागली होती. मला खिडकीची जागा मिळाली, आप्पा खाली फलाटावर उभे राहिले. मी गोळ्यांच्या वेळा पुन्हा सांगत होते. इतक्यात शेजारच्या फलाटावर दुधनीकडची गाडी आली आणि माणसांचा लोंढा पुलावरून आमच्या बाजूला उतरला. एक जण जाता जाता म्हणाला, “काय आजोबा, आज कुटं?” मागून दुसरा, मग कॉलेजच्या दोन मुली. मंगळवारी त्या एका डब्यात बसून आप्पांनी किती जणांशी ओळख केली होती देव जाणे, तेही काही ऐकू येत नसताना. मग भारती आली. तिला घाई होती तरी थांबली. आप्पांनी तिला काहीतरी विचारलं, तिने हात हलवून सांगितलं, आप्पा मान वर करून हसले. असं हसताना मी त्यांना यजमान गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आमच्या आळीत दिवसभरात त्यांच्याशी बोलायला येतो तो फक्त पेपरवाला, आणि तोही पेपर टाकून जातो.

गाडी हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. आप्पा भारतीशी बोलत होते, पाठ माझ्याकडे. मी हाक मारणार होते, मारली नाही. फलाट संपेपर्यंत पाहत राहिले. ते वळले नाहीत.